घरच्या घरी पद्मिनीचे पार्ट दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांची किंवा आजोबांची प्रीमियर पद्मिनी गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. अख्खी गाडी उघडून नव्याने बांधण्याबद्दल इथे काही नाही. एकेक पार्ट सोडवून तो बाल्कनीत किंवा पार्किंगमध्ये बसून कसा ठाकठीक करायचा, एवढंच. माझं मत आधीच सांगून टाकतो: धातूचा अस्सल जुना पार्ट दुरुस्त होण्यासारखा असेल तर बाजारातला नवा डुप्लिकेट घेऊ नये. रबर मात्र जुनं कधीच ठेवू नये.

माझी गाडी पद्मिनी नाही, फियाट ११०० डिलाइट आहे. हे सगळं तिला लागू पडेल का?

पडेल. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ साली ११०० डिलाइट आणली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. जाळी, दिवे, डॅशबोर्ड बदलत गेले, पण १०८९ सीसीचं इंजिन आणि गाडीचा मूळ सांगाडा तोच राहिला. एकच गाडी इतकी वर्षं बनत राहिली म्हणून तेव्हा नावं ठेवणारे खूप होते. आज पार्ट शोधणाऱ्याच्या मात्र ते चांगलंच पथ्यावर पडतं.

पन्नासच्या दशकातली डुक्कर फियाट वेगळी. तिची पुढची दारं उलटी उघडतात आणि पत्र्याचे पार्ट पद्मिनीचे बसत नाहीत. अॅम्बेसेडरवाल्यांना गंज, क्रोम, रबर यांबद्दलचं इथलं सगळं उपयोगी आहे, फक्त पाने वेगळे लागतील. फियाटचे नट-बोल्ट मिलिमीटरमधले, अॅम्बेसेडरचे इंचातले. चुकीचा पाना जोर लावून फिरवला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी घ्यावी लागते.

घरी नेमकं काय करण्यासारखं आहे?

कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, गंजलेले ब्रॅकेट आणि बिजागऱ्या, हेडचे व्हॉल्व्ह घासणं, स्टिअरिंग व्हीलच्या भेगा, पितळी आणि अॅल्युमिनियमचे पार्ट चमकवणं, वायरिंगची जोडणी, हबकॅप, स्पीडोमीटरच्या केबलला ग्रीस. हे सगळं साध्या हत्यारांत होतं.

क्रोम, क्रँक ग्राइंडिंग, सिलिंडर बोअर, हेडचं मशिनिंग आणि किंग पिनचं बुश बसवणं बाहेर द्यायचं. या कामांना यंत्रं लागतात आणि ती घरात नसतात. ब्रेकचं काम घरी करता येतं, पण गाडी रस्त्यावर काढण्याआधी ते जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यायचंच.

पार्ट सोडवताना कुठून सुरुवात करू?

फोटोंपासून. पार्ट काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या आणि वायसर कुठल्या क्रमाने आहेत ते दिसेल असा एक जवळून घ्या. मग प्रत्येक पार्टचे नट-बोल्ट वेगळ्या झिपच्या पिशवीत, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. बाहेर मार्करने लिहिलेलं तेलाने पुसलं जातं.

वीस वर्षं न हललेला बोल्ट पहिल्या झटक्यात सोडवू नका. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर ठेवा, हातोडीने हलके ठोके द्या, पुन्हा तेल मारा. पाना लावल्यावर आधी किंचित आवळायच्या दिशेने आणि मग सोडायच्या दिशेने फिरवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड तरीही तुटतातच. ते वेळ असताना लेथवाल्याकडे न्यावेत. हँड ड्रिलने भोक पाडून तुटका स्टड काढायच्या नादात अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात, आणि मग दुखणं दुप्पट होतं.

गंज काढायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

पार्ट कशाचा आहे आणि त्याचा आकार कसा आहे, यावर ते ठरतं. सपाट, जाड लोखंडाला वायर ब्रश पुरेसा. खाचाखोचा असलेल्या पार्टला, उदाहरणार्थ सीटच्या रुळांना किंवा बॉनेटच्या बिजागरीला, विजेची पद्धत उत्तम, कारण ती चांगल्या लोखंडाला हात लावत नाही.

प्लॅस्टिकचा टब घ्या, त्यात पाणी भरा आणि दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. खाण्याचा नव्हे, आणि कॉस्टिक तर अजिबात नव्हे. बॅटरी चार्जरची काळी, म्हणजे ऋण वायर पार्टला जोडा. लाल वायर साध्या लोखंडी पट्टीला जोडा आणि ती पट्टी पाण्यात पार्टच्या समोर अशी टांगा की दोन्ही एकमेकांना टेकणार नाहीत. चार्जर चालू केला की पार्टवरून बारीक बुडबुडे सुटू लागतात. पट्टीसमोरचा भाग आधी साफ होतो, म्हणून मधूनमधून पार्ट फिरवायचा, आणि त्यासाठी हात घालण्याआधी चार्जर बंद करायचा. काही तासांनी पाणी चहाच्या रंगाचं होतं, वर फेस येतो, आणि पार्टवर काळा भुसा उरतो. तो भांडी घासायच्या ब्रशने निघतो.

चार गोष्टी पाळायच्या. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका आणि क्रोम असलेला पार्ट टबात टाकू नका, त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. प्रवाह वाढवायला मीठ घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. सुटणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम बंद खोलीत किंवा देवघराच्या समईजवळ नको. आणि वायरी जोडताना-काढताना चार्जर बंद, नाहीतर ठिणगीने तोच वायू पेट घेतो.

छोट्या पार्टसाठी सायट्रिक अॅसिड बरं. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम, त्यात पार्ट बुडवून ठेवा आणि दर थोड्या वेळाने बघा. गंज संपला की अॅसिड लोखंड खायला लागतं. काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून मग साध्या पाण्याने धुवा.

यापुढची पायरी लोक विसरतात. साफ झालेलं लोखंड ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस होतं, आणि जुलैतल्या मुंबईत किंवा रत्नागिरीत तर त्याला वेळच लागत नाही. लगेच पुसा, केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा मारा, आणि त्याच बैठकीत प्रायमर किंवा तेल लावा. प्रायमर घरात नसेल तर टब भरूच नका.

सगळेच पार्ट त्या टबात टाकता येतात का?

नाही. अॅल्युमिनियम आणि जस्ताचे पार्ट सोड्याच्या पाण्यात खराब होतात. कार्बोरेटरची बॉडी, दारांची हँडलं आणि बरेचसे बॅज जस्ताच्या ओतकामाचे असतात. स्प्रिंगा आणि कडक स्टीलचे बोल्टही टाकू नका. त्यांच्यात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतात आणि पुढे ताणाखाली अचानक तुटतात. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचा कुठलाही बोल्ट असा साफ करायचा नाही. सरळ नवा, योग्य ग्रेडचा घ्यायचा.

कार्बोरेटर घरी उघडावा का? सगळे म्हणतात हात लावू नकोस.

उघडावा, आणि हात लावून बघण्यासारखा यासारखा दुसरा पार्ट नाही. बहुतेक पद्मिनींवर सोलेक्स असतो. त्यात समजायला अवघड असं काही नाही, फक्त बारीक वस्तू हरवतात. म्हणून मोठी परात घ्या, तीत पांढरा कपडा अंथरा आणि कार्बोरेटर तिच्यातच उघडा.

फ्लोट चेंबरच्या तळाशी साधारण तपकिरी गाळ आणि वाळलेल्या पेट्रोलची चिकट पापडी दिसेल. कार्बोरेटर क्लीनर मारा, दातांच्या जुन्या ब्रशने घासा, आणि प्रत्येक भोकातून हवा मारून ती दुसऱ्या टोकाने बाहेर येते का ते बघा. पितळी जेट उजेडाकडे धरून पाहा. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. तारेने किंवा सुईने जेट कोरू नका. जेटचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतं आणि पितळ मऊ. एकदा कोरलेला जेट जन्मभर जास्त पेट्रोल पितो, आणि मग मालक म्हणतो की पद्मिनीला अॅव्हरेजच नाही.

फ्लोट हलवून कानाशी धरा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. खळखळत नसेल तरी कडकडीत गरम पाण्यात बुडवून पाहा. सूक्ष्म भोकातून बुडबुड्यांची सरळ रेघ वर येते. झाळून भोक बुजवता येतं, पण आत पेट्रोलचा थेंब जरी राहिला तरी डाग देताना भडका उडतो, आणि झाळेच्या वजनाने फ्लोटची पातळी बदलते ती वेगळीच. पितळी फ्लोट नवा मिळत असेल तर घ्या. माझ्या मूळ मताला हा अपवाद.

आता मुख्य दुखणं. थ्रॉटलचा दांडा बॉडीतल्या ज्या भोकात फिरतो ते भोक वर्षानुवर्षं झिजून लंबगोल होतं. दांड्याचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवा. जाणवण्याइतकं हललं तर तिथून फुकटची हवा आत जाते. आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची गती, एकदा चढतं, एकदा पडतं, आणि कितीही स्क्रू फिरवला तरी बसत नाही. निम्म्या कार्बोरेटरना ‘संपला, नवा घ्या’ असं सांगितलं जातं ते याच कारणाने. प्रत्यक्षात लेथवाला तिथे गनमेटलचं बुश बसवून देतो आणि जुना सोलेक्स पुन्हा सुरळीत चालतो.

शेवटी बॉडीची खालची बाजू. जास्त आवळल्याने तिचे कान वाकलेले असतात. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, बॉडीच्या त्या तळावर पेन्सिलच्या रेघा मारा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत गोल गोल घासा. नवं पॅकिंग टाका. पॅकिंग गळत असेल तर ते बदला, त्यावर शेलॅक किंवा सिलिकॉनचा थर देऊ नका. त्याचे तुकडे सुटून जेटमध्येच जातात.

पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीला चालतं का?

इंजिन चालतं. त्रास होतो तो रबर, कॉर्क, झाळ आणि जस्ताला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या आणि फ्लोट चेंबरच्या तळाशी बसतं. तिथून गंज आणि जस्तावरची पांढरी भुकटी सुरू होते.

पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवा, पंपाचा डायफ्राम त्याच प्रकारचा घ्या, काचेचं नसलं तरी पारदर्शक फिल्टर लावा. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर लवकर भरतो. तो बदलायचा, काढून टाकायचा नाही. गाडी पावसाळाभर उभी करणार असाल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा. इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळ पडतं, म्हणून मुख्य जेट एक माप मोठा टाकावा लागू शकतो. स्पार्क प्लगचा रंग पाहून ठरवा. पांढरट असेल तर हो, फिकट तपकिरी असेल तर आहे ते ठीक.

टाकी गळते. वेल्डिंग करून घेऊ का?

अजिबात नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. पाण्याने धुतली, उन्हात ठेवली, तरी शिवणीत अडकलेलं पेट्रोल गरम झाल्यावर बाहेर येतं आणि टाकी फुटते. हे काम टाकी आणि रेडिएटर झाळणाऱ्या अनुभवी माणसालाच द्या.

आतला गंज घरी काढता येतो. टाकी काढा, पूर्ण रिकामी करा, साबणाच्या पाण्याने कित्येकदा धुवा, मग मूठभर जुने नट आणि सायट्रिक अॅसिडचं पाणी घालून सगळ्या बाजूंनी हलवा. नट मोजून टाका आणि मोजून काढा.

बंपरचं क्रोम घरी करता येतं का?

नाही, आणि त्याचे व्हिडिओ बघून करूही नका. त्या टाकीतलं क्रोमिक अॅसिड कॅन्सरकारक आहे.

घरी करण्यासारखं आहे ते साफसफाईचं. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून चुरगाळा आणि तिने गंजाचे ठिपके हलक्या हाताने घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. वरवरचा गंज निघतो, मग मेण लावा. क्रोमचे पोपडे उडाले असतील तर मात्र याने काही होणार नाही.

प्लेटिंगवाल्याकडे देताना एक समजून घ्या. बंपरची चमक क्रोमची नसते. क्रोमचा वरचा थर अगदी पातळ असतो. चमक त्याखालच्या निकेलची आणि त्याही आधीच्या बफिंगची. म्हणून भाव ठरवताना ‘क्रोमचे किती’ असं विचारू नका. जुना थर उतरवणार का, पोच काढणार का, तांबं देणार का, निकेल किती वेळ ठेवणार, हे विचारा. तांबं-निकेलला कात्री लावून केलेलं काम दिवाळीला झळकतं आणि पुढच्या गणपतीला गंजतं. पार्ट देताना दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, कारण ढिगात कोणाचा बंपर कोणाला जाईल याचा नेम नसतो. आणि तुमचा मूळ बंपर जाड पत्र्याचा असेल तर वाकलेला असला तरी सोडू नका. नवे डुप्लिकेट बंपर पातळ पत्र्याचे असतात, हाताने दाबले तरी दबतात.

दाराच्या हँडलवर फोड आलेत. तेही क्रोमला देऊ?

ते जस्ताचं ओतकाम आहे. फोडाखाली खड्डा असतो, आणि बफ केलं की तो मोठा होत जातो. कुशल प्लेटिंगवाला खड्डा कोरून, तांबं भरून, घासून परत प्लेटिंग करतो, पण ते महाग जातं. इथे जुन्या बाजारात त्यातल्या त्यात चांगलं हँडल शोधणं शहाणपणाचं.

ब्रेकचे व्हील सिलिंडर घरी दुरुस्त करावेत का?

सिलिंडर उघडून आत बघा. नखाला लागणार नाही इतकाच डाग असेल तर ब्रेक फ्लुइडमध्ये बुडवलेल्या बारीक पॉलिश पेपरने, गोल फिरवत साफ करा, नवं रबर किट घाला. नख अडकेल असा खड्डा असेल तर तो सिलिंडर बाद, किंवा स्टेनलेस अथवा पितळेची स्लीव्ह घालून देणाऱ्याकडे द्यायचा. ब्रेकच्या बाबतीत ‘चालून जाईल’ हा शब्द गॅरेजबाहेर ठेवा.

धुताना पेट्रोल, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल काहीही वापरायचं नाही. ब्रेकचं रबर खनिज तेलाने फुगतं आणि पिस्टन अडकतो. स्पिरिट, ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक फ्लुइड वापरा. ब्रेक फ्लुइडही हवेतलं पाणी ओढतं, म्हणून उघडी राहिलेली जुनी बाटली फेकून द्या आणि गाडीतलं दर दोन वर्षांनी बदला.

ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतो आणि तो फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमध्ये तोंडाने फुंकर मारून शू साफ करणारी पोरं दिसतात, त्यांनाही सांगा.

व्हॉल्व्ह घासणं खरंच घरी जमतं?

जमतं, आणि मजा येते. हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकट्याने उचलता येतं. आठ व्हॉल्व्ह आपापल्या जागीच परत गेले पाहिजेत, म्हणून बुटांच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडून, नंबर टाकून त्यांत खोचून ठेवा.

व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्टची बारीक रेघ लावा, रबरी चोषक असलेली काठी वर चिकटवा आणि ती दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळायच्या रवीसारखी पुढे-मागे फिरवा. अधूनमधून व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून पुन्हा टेकवा. सुरुवातीला खरखर जाणवते, आवाज कोरडा येतो, मग तो मऊ होत जातो. पुसून पाहा: सीटवर, म्हणजे हेडमध्ये व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर, सगळीकडे सारख्या रुंदीची, कुठेही न तुटलेली राखाडी कडी दिसली की थांबा. जास्त घासून काही कमावत नाही. पेस्टचा कणही राहू देऊ नका. ती इंजिनात गेली तर बेअरिंगही घासून काढते.

मग व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट बसवून हेड उलटं ठेवा आणि चेंबरमध्ये थोडं डिझेल ओता. पोर्टमधून ओल झिरपली नाही तर काम झालं. व्हॉल्व्ह गाइडमध्ये डगमगत असेल तर आधी मशीन शॉपला गाइड बदलून घ्या, नाहीतर घासलेलं वाया जातं. हेड परत बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळा.

शिशाविरहित पेट्रोलने सीट खराब होतात म्हणे?

देशभर शिसं बंद झालं ते २००० साली. ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये जिथे सीट हेडमध्येच कोरलेली असते, तिथे ही भीती खरी. फियाटच्या अॅल्युमिनियम हेडमध्ये सीट वेगळी ठोकून बसवलेली असते. शांतपणे गाडी चालवणाऱ्याने यासाठी महागडी औषधं पेट्रोलमध्ये घालायची गरज नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) वेळेवर तपासा, तेवढं पुरे.

स्टिअरिंग व्हीलला भेगा पडल्यात.

आतली कडी लोखंडाची, वर कडक प्लॅस्टिक. उन्हाने प्लॅस्टिक आक्रसतं, लोखंड आक्रसत नाही, म्हणून ते आऱ्यांजवळ फाटतं. भेग वरवर बुजवली तर परत उघडते. कानशीने तिची इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच करा, अगदी लोखंड दिसेपर्यंत. थिनरने पुसा. अॅराल्डाइट किंवा एम-सील दाबून भरा, किंचित वर आलेलं ठेवा. दुसऱ्या दिवशी अर्धगोल कानशीने आकार द्या, मग १२०, २४०, ४०० असा पॉलिश पेपर. डोळे मिटून अंगठा फिरवा. डोळ्यांना दिसत नाही तो उंचवटा अंगठ्याला कळतो. मग प्रायमर आणि रंग.

पेटीबंद जुना स्टॉक मिळतोय. घ्यावा का?

धातूचा असेल तर डोळे झाकून. रबराचा असेल तर फुकट दिला तरी नको. रबर पेटीतही म्हातारं होतं. पेटीतून काढलेलं तीस वर्षांचं व्हील सिलिंडर किट दिसायला कोरं असतं आणि पहिल्या उन्हाळ्यात गळतं. बीडिंग, इंजिन माउंटिंग, होज, बूट, ऑइल सील हे सगळं ताज्या बनावटीचं घ्या.

पार्ट शोधायला कुठे जाऊ?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार. पुण्यात नव्या पार्टसाठी नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथे सकाळी लवकर जा आणि आपला खराब पार्ट हातात घेऊन जा, तोंडी वर्णनावर विसंबू नका. एखादा पार्ट कुठेच मिळाला नाही तर कोल्हापूरचं उद्यमनगर. नमुना दाखवला की ओतून, लेथवर फिरवून देणारे कारागीर तिथे आहेत.

बाजारातले बरेच पद्मिनी पार्ट टॅक्सीचे असतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, त्यामुळे माल तसा अलीकडचा आहे. पण टॅक्सी रोज दिवस-रात्र चाललेली असते. तिची दारं, काचा, डिकीचं झाकण, डायनॅमोचे ब्रॅकेट खुशाल घ्या. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, स्टिअरिंग बॉक्स घेताना दांडा हलवून बघा. रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर ठोकर लागलेला असला तरी घ्या. तो उघडून, सळईने साफ करून, झाळून पुन्हा उभा करता येतो.

पितळेचे पार्ट चमकवायला काय वापरू?

पितांबरी, चिंच, कोकम, घरात असेल ते. नंतर भरपूर पाण्याने धुवा, आंबटपणा राहिला तर हिरवं चढतं. जेटला यातलं काही लावू नका.

वायरिंग सगळं बदलावं का?

इन्सुलेशन वाकवल्यावर तडकत असेल तर सगळं. नाहीतर आधी अर्थिंग, म्हणजे वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली जागा, तपासा. दिवे मिणमिणतात, इंडिकेटर लावला की स्टॉपलाइट पेटतो, असल्या तक्रारी बहुतेक वेळा गंजलेल्या अर्थिंगच्या असतात. बॉडीवरची ती जागा चकाकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, वर ग्रीस लावा. हेडलाइटला रिले लावून घ्या, स्विच वाचतो आणि उजेडही वाढतो. जुन्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर ती आजच काढा.

रंग घरी मारू का?

छोट्या पार्टला, कॅनने, मोकळ्या हवेत, हो. ड्युको पावसाळ्यात मारू नका, दमट हवेने त्यावर पांढरी झाक येते. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी फवारू नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडतो आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. लांबी (पुटी) जितकी पातळ तितकी बरी. पोच आधी ठोकून काढायचा, लांबीने भरायचा नाही.

दुरुस्ती करताना आरटीओच्या दृष्टीने काय सांभाळायचं?

चासिस नंबर आणि इंजिन नंबर. सँड ब्लास्टिंग करताना किंवा रंग मारताना तिथे टेप लावा. नंबर पुसट झाला तर फेरनोंदणीच्या तपासणीत गाडी अडते, आणि ते निस्तरायला पार्ट दुरुस्त करण्यापेक्षा जास्त महिने जातात. इंजिन दुसऱ्या गाडीचं बसवणार असाल तर त्याची कागदपत्रं घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, व्यापारी वापरात नसलेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात येऊ लागल्या आहेत. पण घाई करू नका. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, ती प्रदर्शनं, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच. रविवारी आईला घेऊन सिंहगड पायथ्याला जायचं असेल तर नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवत राहणंच सोयीचं.

उरलेलं ऑइल आणि अॅसिडचं पाणी कुठे टाकू?

गटारात, झाडाच्या आळ्यात किंवा संडासात नाही. जुनं ऑइल बंद कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला द्या, ते त्यांच्या पिंपात जाऊन पुनर्वापराला जातं. सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात फसफस थांबेपर्यंत धुण्याचा सोडा घाला, गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता आणि गाळ वाळवून कचऱ्यात द्या. तेलाचे बोळे डब्यात कोंबून ठेवू नका, जवसाच्या तेलाचे तर मुळीच नाही. ते आपोआप तापून पेटतात. दोरीवर सुटे वाळत घाला आणि मगच फेका.